बाण करणारा आणि राजाची स्वारी

माझ्या लेथच्या डाव्या बाजूला खिळ्याला एक वही टांगलेली असते. दोनशे पानी, शाळेतली, कडा तेलानं काळ्या पडलेल्या. त्यात पाच रकाने आहेत : तारीख, काम, धातू, माप आणि शेवटचा ‘कशासाठी’. पहिले चार कुठल्याही टर्नरच्या वहीत असतात. पाचवा माझ्या वहीत का आला ते सांगायचं आहे. पण आधी त्या मुलीचं काम सांगतो, कारण त्या रकान्याची खरी परीक्षा तिनं घेतली.

२०२४ चा तान्हा पोळा होता. रस्त्यानं लहान पोरं लाकडी बैल ओढत चालली होती. सेवाग्रामच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. एक सहा फुटी लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. जिनिंगचे शाफ्ट, पंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, यातच उमर गेली. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी सायकलच्या दांडीला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब बांधून आली. टेबलावर चादर सोडली, तर आत बंदूक.

मी हात मागे घेतला. तिनं ते पाहिलं.

“काकाजी, हवेची आहे,” ती म्हणाली. “मामानं बनवली.”

तिचा मामा देवळीकडे सुतारकाम करतो. कुणीतरी भंगारात दिलेल्या जुन्या छऱ्याच्या बंदुकीची नळी आणि सिलिंडर त्यानं उचललं, आणि दोन वर्षं फावल्या वेळात खपून तिच्यासाठी नेमबाजीची रायफल उभी केली. दस्ता सागवानाचा. गाल टेकायची फळी खालीवर होते, त्यासाठी त्यानं खिडकीचे स्क्रू वापरले होते. तिच्या तळहाताचा आकार शिसवीच्या तुकड्यात कोरून काढला होता, अंगठ्याच्या खोबणीसकट. मी सुतार नाही, पण ज्या हातानं ती खोबण कोरली तो हात घाईतला नव्हता, एवढं कळत होतं.

दुखणं बिजागरीत होतं. या जातीची बंदूक नळी खाली मोडून भरतात. नळी ज्या पिनेवर फिरते ती पिन झिजली होती आणि भोक लांबुळकं झालं होतं. एका अंगानं आठ मिलिमीटर, दुसऱ्या अंगानं आठच्या वर. नळी बंद केली आणि बोटानं हलवली, तर टकटक असा बारीक आवाज. डायल लावून पाहिलं, एक दशांश मिलिमीटर ढिलाई निघाली. पंपाच्या कामात एक दशांशाला कुणी विचारत नाही. इथं मात्र हिशेब वेगळा होता. पिनेपासून नळीच्या बंद होणाऱ्या तोंडापर्यंत पन्नास मिलिमीटर. पन्नासाला एक दशांश, म्हणजे दहा मीटरला वीस मिलिमीटर. पुढची माशी नळीवरच बसवलेली, त्यामुळे नळी सरकली की डोळा नकळत बंदूक थोडी उलटी वळवतो आणि निम्मी चूक भरून निघते. उरली निम्मी. दहा मीटरच्या एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या टोकाएवढा, आणि एका कड्यापासून पुढचं कडं अडीच मिलिमीटरवर. ती जीव लावून नेम धरत होती आणि बिजागरी तिचे तीन-चार गुण दर वेळी वेगळ्या दिशेला घेऊन जात होती. सहा महिने तिला वाटत होतं की आपलाच हात थरथरतो.

मी वही काढली. तारीख लिहिली, काम लिहिलं, आणि विचारलं, “कशासाठी पायजे?”

महिन्याभरापूर्वीच, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं होतं. मला वाटलं ही त्याचं नाव घेईल, ऑलिंपिक म्हणेल. ती जरा थांबली आणि म्हणाली, “मले हाललं नाही पायजे, तेच्यासाठी.”

तेच शब्द मी पाचव्या रकान्यात लिहून घेतले. पण काम त्या दिवशी हातात घेतलं नाही. रविवारी ये म्हटलं. ती गेल्यावर मी बराच वेळ मशीन बंद ठेवून बसलो.

कारण मी ज्या घरात वाढलो त्या घरात बंदुकीचं नाव निघत नसे. माझे वडील लोहार होते, आणि त्यांचं निम्मं काम चात्यांचं. चरख्याची चाती सुईसारखी सरळ नसेल तर सूत तुटतं, कातणारीचा हात थकतो आणि चरखा खडखड करतो. आसपासच्या गावांतून वाकलेल्या चात्या कापडात बांधून यायच्या. वडिलांकडे काचेचा एक जाड तुकडा होता, कुठल्याशा फुटक्या आरशाचा, पारा उडालेला. त्यावर ते चाती ठेवायचे, बोटानं हलकेच लोटायचे आणि डोळा काचेच्या पातळीला आणून खालून येणारा उजेड पाहायचे. सरळ चातीखाली उजेड दिसतच नाही. वाकलेली असेल तर फिरताना एका जागी उजेडाची रेघ उघडते आणि मिटते. तिथं खडूचा ठिपका, ऐरणीवर तांब्याच्या हातोडीचा एक टोला, पुन्हा काच. डायल इंडिकेटर मी आयटीआयमध्ये गेल्यावर पाहिला. पण शतांश मिलिमीटर म्हणजे काय ते मला त्या उजेडाच्या रेघेनं आधीच शिकवलं होतं.

वर्धेत यंत्राला पाप म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि ते गांधीजींचं नाव घेतात. त्यांना मी १९२४ सालची एक गोष्ट सांगतो. जी. रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या तरुणानं गांधीजींना सरळ विचारलं होतं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का. गांधीजी म्हणाले, कसा असेन, हे शरीर म्हणजेच एक नाजूक यंत्र आहे, चरखाही यंत्रच आहे. शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली. आणि पुढं त्यांनी जे उदाहरण दिलं ते माझ्या वडिलांच्या धंद्याचं होतं : वाकड्या चात्या सरळ करणारं यंत्र कुणी काढलं तर मी त्याचं स्वागत करीन, लोहार चात्या करतच राहतील, पण चाती बिघडली की प्रत्येक कातणाऱ्याला ती घरच्या घरी सरळ करता येईल. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानात एकटाच होतो, आणि डोळे भरून आले.

तेव्हा सरळपणा पवित्र, ढिलाई वाईट, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या बोलण्यातच ते आहे. हार्डवेअरच्या दुकानात सळई अजूनही सुतात मागतात, आठ सुतांचा इंच. आणि सूत म्हणजे चरख्यावरचंही. भिंत ‘सुतात’ आहे म्हणजे सरळ आहे. या जिल्ह्यात सूत कातणारा आणि सूत मोजणारा एकाच शब्दावर जगतात. अडचण एवढीच की बंदुकीची नळीही सुतातच असावी लागते.

एकनाथ महाराजांनी १५७३ साली काशीत भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका पुरी केली. आमच्या गावच्या पारायणात ती वाचत. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो : पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, भुंगा, कुररी, आणि त्यांच्यातच एक कारागीर, बाण करणारा. चोविसांतला माझ्या जातीचा म्हणावा असा तो एकच गुरू. तो रस्त्याकडेला बसून बाण सरळ करत असतो. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत निघून जाते. मागून कुणी विचारतो, स्वारी कोणत्या बाजूला गेली? त्याला पत्ताच नाही. डोळा बाणावर, मन बाणात. अवधूत म्हणतो, एकाग्रता मी याच्यापासून शिकलो.

लहानपणी ही गोष्ट ऐकून अंगावर काटा यायचा. वडिलांचा काचेला लावलेला डोळा मला त्यात दिसे. पुढं लेथवर उभा राहिलो तेव्हा गोष्ट आतून कळली. शेवटचा कट घेताना खरंच काही ऐकू येत नाही. टूलच्या टोकापासून निघणारी बर निळसर होऊन गुंडाळत जाते, हँडलचा थरथराट तळहाताला कळतो, आणि बाहेरून बँडबाजा गेला तरी तो कुठल्या तरी दुसऱ्या गावात वाजतो आहे असं वाटतं. त्या अवस्थेला मी देवपूजेपेक्षा कमी मानत नाही. आजही मानत नाही.

पण एक प्रश्न मला कीर्तनात कुणी विचारलेला आठवत नाही. ती स्वारी कुठं चालली होती? आणि तो बाण कुणासाठी होता? राजा सैन्यासह निघालाय आणि रस्त्याकडेला एक माणूस बाण करतोय. पारधीसाठी असतील, लढाईसाठी असतील. ज्याला स्वारी दिसलीच नाही, त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. अवधूतानं त्याच्यापासून घ्यायचं ते घेतलं आणि तो पुढं गेला. पण बाण करणारा तिथंच राहिला, आणि त्याचा बाण कुठं ना कुठं जाऊन लागला असणार.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही.

१९९५ च्या हिवाळ्यात एक ओळखीचा माणूस लोखंडी पाइप घेऊन आला. आतून गुळगुळीत करून दे, म्हणाला. फवारणी पंपाचा असेल असं मी समजलो. समजलो म्हणजे विचारलं नाही. माप अवघड होतं, लांब भोक सरळ ठेवणं सोपं नसतं, आणि मला त्या अवघडपणाचीच ओढ लागली. दोन रात्री जागून मी ते काम केलं. शेवटी पाइप दिव्यासमोर धरून आत पाहिलं, तर आरशासारखी वर्तुळं एकात एक गेलेली. आयुष्यातल्या सगळ्यात नेटक्या कामांपैकी ते एक होतं. त्यानं पैसे दिले आणि तो गेला.

दीड महिन्यानं मी सेलूच्या पलीकडे बोरच्या जंगलालगत नातेवाइकाच्या शेतावर गेलो होतो. तुरीत रानडुकरं शिरत, लोक हैराण झाले होते. तो त्रास खोटा नाही, एका रात्रीत वर्षाची मेहनत उखडली जाते. सकाळी नाल्याच्या काठी एक डुक्कर पडलेलं दिसलं. मेलेलं नव्हतं. खालचा जबडा उडाला होता. पाण्यापर्यंत आलं होतं, पण पाणी पिता येत नव्हतं. तोंड बुडवायचं आणि पाणी तसंच बाहेर पडायचं. दोन दिवस असंच आहे, शेतावरच्या गड्यानं सांगितलं. आणि कुणाच्या भरमार बंदुकीनं झालं ते नावही सांगितलं. तो माझा पाइपवाला.

गांधीजींच्या साबरमतीच्या आश्रमात १९२८ साली एक वासरू असंच तळमळत होतं. डॉक्टरकडून सुई देऊन त्यांनी त्याच्या वेदना संपवल्या, आणि देशभरातून त्यांच्यावर रागाची पत्रं आली. त्या नाल्याकाठी मला त्या वासराची आठवण झाली आणि मी काहीही करू शकलो नाही. माझ्यापाशी सुई नव्हती, डॉक्टर नव्हता, आणि कुऱ्हाड उचलायचा धीरही नव्हता. मी बघत उभा राहिलो, आणि त्या वेळी माझ्या मनात त्या पाइपमधली एकात एक गेलेली वर्तुळं येत होती. परत आल्यावर वहीत पाचवा रकाना आखला.

त्यानंतर मला सगळ्यात जास्त त्रास गीतेचा झाला. गीतेचा म्हणणं बरोबर नाही. गीतेच्या नावानं मी स्वतःला जे समजावत होतो त्याचा. वर्धेत गीता टाळून राहता येत नाही. गोपुरीला गीताई मंदिर आहे, छप्पर नाही, कळस नाही, मूर्ती नाही. उघड्यावर उभे केलेले दगड आणि त्यांवर विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेले. १९८० साली विनोबांच्या हयातीतच ते उभं राहिलं. संध्याकाळी दुकान बंद करून मी तिथं जात असे. दगडावरून बोट फिरवलं की छिन्नीची कड लागते. कर्म तुझं, फळ तुझं नव्हे, या अर्थाच्या दगडापाशी मी किती वेळ उभा राहिलो असेन! माझ्या मनानं त्यातून सोय काढली होती : माप राखणं माझं कर्म, पाइपातून काय सुटलं ते फळ, फळाशी माझा संबंध नाही.

हळूहळू मला उमगलं की ही चोरी आहे. फळ सोडायचं म्हणजे पैसा, नाव, वाहवा यांची आशा सोडायची. त्या पाइपच्या कामात मी तर नेमकं ते फळ पोटभर खाल्लं होतं. दिव्यासमोर धरून ती वर्तुळं पाहिली, तेच माझं फळ होतं. सोडलं होतं ते फक्त डुक्कर. जे गोड होतं ते घेतलं आणि जे कडू होतं त्याला ‘फळ’ म्हणून ईश्वराच्या नावे टाकलं. अर्जुनाला गीता सांगितली गेली तेव्हा त्याच्यासमोर त्याचे आप्त उभे होते, तो त्यांची तोंडं पाहत होता. त्यानं स्वारी पाहिली होती, म्हणून तर तो खाली बसला. ज्यानं पाहिलंच नाही त्याला अनासक्त म्हणत नाहीत.

माझा एक मित्र आहे, जिनिंगमध्ये फिटर होता. दसऱ्याला मी लेथला हळदकुंकू लावतो, आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारं धुऊन मांडतो, आणि तो नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली तो विजयादशमीचाच दिवस होता; ज्या दिवशी आम्ही शस्त्रं पुजतो, त्याच दिवशी शस्त्र खाली ठेवणाऱ्या अशोकाचं स्मरण. त्याला मी बाण करणाऱ्याची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, “आमच्यातही आहे भाऊ.” धम्मपदात चंचल मन ताळ्यावर आणणाऱ्याला बाण सरळ करणाऱ्याची उपमा दिली आहे, हे त्यानं मला दाखवलं. आणि लगेच दुसरं सांगितलं : बुद्धानं उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत पहिला शस्त्रांचा. म्हणजे बाण करणाऱ्याचं मन घ्यायचं, पण त्याचा धंदा करायचा नाही.

हे ऐकून मी गप्पच झालो. कारण दोन्ही एका तोंडानं सांगितलेलं आहे, आणि दोन्ही खरं आहे. आमच्या परंपरेनं पहिलं अर्धं उचललं आणि दुसऱ्या अर्ध्याला फारसं विचारलं नाही, असं मला वाटतं.

आणि आम्ही राहतो कुठं? याच जिल्ह्यात पवनार आहे, जिथून १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पहिला वैयक्तिक सत्याग्रह केला. युद्धाला माणूसबळ देणं किंवा पैसा देणं चूक आहे एवढंच सांगण्यासाठी ते तुरुंगात गेले. आणि याच जिल्ह्यात पुलगावला सैन्याचं दारूगोळ्याचं कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथं आग लागली, स्फोट झाले, आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान त्यात गेले. २०१८ च्या नोव्हेंबरात निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, तेव्हा आजूबाजूच्या गावांतले रोजंदारीचे मजूर गेले. देशाला सैन्य नको असं मी म्हणत नाही; माझा एक पुतण्या फौजेत आहे आणि तो सुट्टीवर येतो तेव्हा मी त्याच्यासाठी थांबून राहतो. मी एवढंच म्हणतो की पवनारच्या धाम नदीकाठी बसून आपले हात स्वच्छ आहेत असं मानणं इथं कुणालाच परवडणारं नाही. हिंसेपासून लांब राहणं म्हणजे तिच्याकडे पाठ करणं, असा अर्थ मी बरीच वर्षं घेतला. पाठ केल्यावर स्वारी दिसत नाही, एवढंच होतं.

त्या रविवारी मुलगी आली तेव्हा मी चार गोष्टी तपासून घेतल्या. नळीचं भोक मोजलं : साडेचार मिलिमीटर. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही; यापेक्षा वरचं काही असतं तर मी चादर पुन्हा गुंडाळून दिली असती, आणि दारूची बंदूक असती तर मामाशी बोलायला देवळीला गेलो असतो. कुठं मारते ते विचारलं. गावात जिनिंगचं जुनं शेड आहे, हंगाम नसला की रिकामं असतं. तिथं दहा मीटरवर लाकडी खोका, आत चिंध्या ठासलेल्या, मागे भिंत. घरात कुठं ठेवते? कपाटावर. घरात कोण कोण? आई, आजी, लहान भाऊ. छरे कुलपात असतात का, ते मात्र मी विचारलं नाही.

मग पिन केली. मी ती सिल्व्हर स्टीलची करायची ठरवली. आधी सिलिंडरच्या दोन्ही कानांतली भोकं आणि मधला ठोकळा एकत्र बांधून एकाच बैठकीत आधी ड्रिलनं मोठी करून मग नऊ मिलिमीटरच्या रीमरनं साफ केली, म्हणजे तिन्ही भोकं एका ओळीत राहतात. रीमर हातानं, तेल घालून, उलटा न फिरवता. पिन नऊला एक शतांश कमी. एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला आडवा स्क्रू, म्हणजे एका पान्यानं सुटेल. चेरीसारखा लाल रंग येईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली, मग घासून चमक आणली आणि पुन्हा मंद आचेवर धरली. पोलादावर गवताचा पिवळा रंग चढू लागला की ओढून घ्यायची, क्षणभर उशीर झाला तर जांभळी होते आणि नरम पडते. ती बाकावर बसून बघत होती. रंग चढताना तिनं श्वास धरलेला मला दिसला. शिकवलेला श्वास होता तो.

कडक केलेली पिन कधी कधी वाकते. मी खणातून वडिलांची काच काढली, पिन तिच्यावर ठेवली आणि बोटानं लोटली. “ये, पाय,” म्हटलं. तिनं गाल बाकाला टेकवून डोळा काचेच्या पातळीला आणला, अगदी बंदुकीच्या दस्त्याला टेकवावा तसा. “काहीच दिसून नाही राह्यलं,” ती म्हणाली. उजेड दिसत नव्हता. पिन सुतात होती.

पिन बसवली, नळी बंद केली, बोटानं हलवली. टकटक गेली होती.

पंधरा दिवसांनी ती निशाणाचं कार्ड घेऊन आली. पाच छऱ्यांची भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटका ठिपका झाला होता, करंगळीच्या नखाएवढा. मी ते कार्ड उजेडासमोर धरलं आणि मला पुन्हा पाइपमधलं ते सुख झालं, तसंच्या तसं. यात फरक काय, असं मी स्वतःला विचारलं. सुखात फरक नव्हता. या वेळी फक्त मी कार्डाच्या पलीकडे उभी असलेली मुलगीही पाहत होतो.

तिसऱ्या आठवड्यात ती संध्याकाळी आली. सायकल भिंतीला न टेकवता तशीच आडवी टाकली. बराच वेळ बोलेना. मग सांगितलं. धाकट्या भावानं दुपारी कपाटावरून बंदूक काढली आणि अंगणातल्या कडुनिंबावर बसलेला होला मारला. आधी त्यानं दहादा नेम धरला असेल, कधी लागला नव्हता. आता लागला. होल्याची जोडीदारीण संध्याकाळपर्यंत त्याच फांदीवर होती.

“बंदूक सरळ झाली काकाजी,” ती म्हणाली, “म्हणून लागला.”

यावर मी काय बोलणार होतो? माझा पाचवा रकाना बरोबर भरलेला होता. तिनं दिलेलं उत्तर खरं होतं, आजही खरं आहे. मी मान वर करून स्वारी पाहिली होती, विचारलं होतं, मोजलं होतं, आणि तरी बाण जाऊन होल्याला लागला. विचारणं पुरत नाही. आणि न विचारता केलेल्या कामापेक्षा हे दुःख निराळं होतं; त्या डुकरापाशी मी एकटा उभा होतो, इथं आम्ही दोघं होतो. तिला मी भावाला मारू नको म्हटलं. ती म्हणाली, मारलं नाही, त्याच्याकडूनच खड्डा खणून घेतला.

मग तिनं ओढणीच्या गाठीतून काहीतरी सोडून टेबलावर ठेवलं. पिन होती. स्क्रूसकट. पिन काढली की बंदुकीचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकडे कुणाच्या कामाचे नसतात.

“हे तुमच्यापाशी ठेवा,” ती म्हणाली. “रविवारी नेत जाईन, संध्याकाळी आणून देत जाईन.”

मी पिन तेलाच्या चिंधीत गुंडाळून वडिलांच्या काचेशेजारी खणात ठेवली. रविवारी सकाळी साडेसहाला शटर अर्धं वर करतो, तेव्हा बहुतेक ती बाहेर उभी असते. संध्याकाळी पिन परत येते. प्रत्येक वेळी मी ती काचेवर एकदा लोटतो, ती वाकून खालचा उजेड पाहते, आणि वहीत तारीख पडते. मागच्या रविवारी भाऊही सोबत आला होता. काचेपाशी डोळा लावायची त्याची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ वाकून राहिला.